वेगळी चूल मांडण्यापूर्वी

‘मूळ मेंटेनर कोणाचं ऐकत नाही. पुल रिक्वेस्ट महिनोन्‌महिने पडून असतात, विचारलं तर इश्यूच बंद करून टाकतो. आम्ही चार-पाच जण प्रकल्प फोर्क करावा म्हणतो. परवानगी घ्यावी लागेल का? केस होईल का?’ थोड्याफार फरकानं हेच विचारणारी पत्रं येत राहतात. परवानगी लागत नाही. परवान्याच्या अटी पाळल्या आणि दुसऱ्याच्या नावाला हात लावला नाही, तर केसची भीतीही बाळगायला नको.

पण बहुतेक फोर्क अडकतात ते पत्रात न विचारलेल्या गोष्टींवर. कोड परवान्यानं आधीच तुमच्या हाती दिलेला आहे. हाती नसतं ते नाव, डोमेन, रजिस्ट्रीतली पॅकेजची जागा, रिलीजवर सही करायची की आणि रोजचं काम ओढणारी माणसं. म्हणून इथे कोडबद्दल थोडं आणि बाकीच्यांबद्दल जास्त.

एक भेद सुरुवातीलाच करून घ्या. टेराफॉर्ममधून २०२३ मध्ये ओपनटोफू निघालं, रेडिसमधून २०२४ मध्ये वाल्की निघालं. तिथे कंपनीनं परवाना बदलला होता. अशा वेळी बाहेरचे बहुतेक जण एका बाजूला येतात, कंपन्या पगारी माणसं देतात, लिनक्स फाउंडेशन छत्र धरतं. कारभारावरून फोर्क होतो तेव्हा मात्र कालपर्यंत एकमेकांचे पॅच तपासणारेच समोरासमोर उभे राहतात. ओपनटोफू डोळ्यांसमोर ठेवून स्वतःच्या ताकदीचा हिशेब मांडू नका.

परवाना काय मागतो

फोर्क का करताय हे कोणाला सांगण्याची सक्ती कुठल्याच ओपन सोर्स परवान्यात नाही. अटी आहेत त्या अशा:

- एमआयटी, बीएसडी: जुन्या कॉपीराइट सूचना आणि परवान्याचा मजकूर तसाच ठेवा. रागाच्या भरात जुन्या मेंटेनरचं नाव फाइलींतून खोडणं हा परवान्याचा भंग ठरतो.
- अपाची २.०: बदललेल्या फाइलींवर तशी नोंद हवी आणि ‘नोटिस’ फाइल असेल तर ती पुढे न्यायला हवी. ट्रेडमार्क वापरण्याचा हक्क हा परवाना देत नाही, हे त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे.
- जीपीएल: काय बदललं आणि कधी बदललं याची नोंद, आणि तुमचा फोर्कही जीपीएलखालीच. एजीपीएल असेल तर नेटवर्कवरून सेवा वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळाला पाहिजे.

मूळ लेखकांच्या कोडचा परवाना तुम्ही बदलू शकत नाही. एमआयटीखालच्या प्रकल्पात तुमचा नवा भाग जीपीएलखाली घालता येतो. त्याचे परिणाम काय होतात ते शेवटी पाहू.

नोकरी करत असाल तर नेमणुकीचा करार आजच काढून वाचा. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडची पहिली मालकी कंपनीची असते. काही करार सुट्टीच्या दिवशी घरी लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. मूळ प्रकल्पात पॅच पाठवायला कंपनीनं दिलेली परवानगी नव्या फोर्कला आपोआप लागू होते, असं धरून चालू नका. ईमेलवर नव्यानं होकार घ्या.

तक्रार नेमकी कसली?

‘कारभार बिघडलाय’ याच्या तीन-चार तऱ्हा असतात आणि प्रत्येकीवर फोर्क हा उपाय नसतो.

एकच मेंटेनर आहे आणि तो दुसऱ्या कोणाला कमिट अ‍ॅक्सेस देत नाही, ही सगळ्यांत सोपी तऱ्हा. गॉग्जमधून २०१६ मध्ये गिटी याच कारणानं निघालं. इथे फोर्क चालतो, कारण समोर फळी अशी नसतेच.

दुसरी तऱ्हा मालमत्ता हलवली जाण्याची. त्याच गिटीत दरवर्षी प्रतिनिधी निवडले जात होते. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये एका नव्या कंपनीची घोषणा झाली आणि डोमेन व ट्रेडमार्क तिच्याकडे गेल्याचं योगदान देणाऱ्यांना तेव्हाच कळलं. खुलं पत्र गेलं, समाधान झालं नाही, आणि डिसेंबरमध्ये फोर्जो उभं राहिलं. त्याचं डोमेन कोडबर्ग या बर्लिनच्या नोंदणीकृत संस्थेकडे ठेवण्यात आलं. निवडणूक घेतली म्हणजे कारभार सुरक्षित झाला, असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावं.

तिसरी तऱ्हा बंद दाराआडच्या निर्णयांची. चौथी वर्तनाची: कोणाला हाकललं, कोणाला हाकललं नाही, कोणाची भाषा सहन केली. ही चौथी तऱ्हा फोर्कला सगळ्यांत कमी दाद देते, असं माझं मत आहे. वर्तनाचा वाद माणसांबरोबर नव्या घरात येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये नोडमधून निघालेला अयो हा फोर्क याच मुद्द्यावर उभा होता, मूल्यांची मांडणीही त्यानं नीट केली होती. पण त्याच्या नावावर नोडच्या तोडीचं रिलीज कधी झालं नाही.

तुमची तक्रार एका पानावर, तारखांसह, माणसांविषयी विशेषणं न वापरता लिहून पाहा. लिहिता आली नाही तर अजून थांबा.

फोर्कच्या अलीकडे काय करता येतं

- सह्यांचं खुलं पत्र. निक्स प्रकल्पात एप्रिल २०२४ मध्ये असं पत्र निघालं. संस्थापक मंडळातून बाहेर पडले, नवी घटना लिहिली गेली आणि त्याच वर्षाअखेर निवडून आलेली सुकाणू समिती आली. दरम्यान लिक्ससारखे फोर्कही निघालेच. पण ज्यांना राहायचं होतं त्यांना राहण्याजोगं काही मिळालं.
- पॅचचा संच. मूळ रिलीजवर तुमचे पॅच लावून वेगळं बिल्ड देत राहा. फोर्जोची सुरुवात अशीच होती. पूर्ण फारकत फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली.
- सोडलेला प्रकल्प दत्तक घेणं. मेंटेनर खरोखर गायब असेल तर पायथनच्या पॅकेज रजिस्ट्रीत बेवारस नाव दुसऱ्याकडे सोपवण्याची ठरलेली पद्धत आहे. वेळ लागतो, पण वापरणाऱ्यांना काहीच बदलावं लागत नाही.
- नुसतं थांबणं. हेही उपायांत धरा. थकलेला मेंटेनर आणि हुकूमशहा मेंटेनर बाहेरून बराच काळ सारखेच दिसतात.

चाव्या कोणाच्या खिशात आहेत

हे काम घोषणेच्या आधी करा, नंतर करता येत नाही. पुढच्या प्रत्येक गोष्टीसमोर माणसाचं नाव लिहा:

- डोमेन कोणाच्या नावावर, नूतनीकरण कोणाच्या कार्डावरून होतं
- गिटहब किंवा गिटलॅबवरच्या ऑर्गनायझेशनचे ओनर
- एनपीएम, पायपीआय, डॉकर हबवर पॅकेज टाकण्याचा हक्क
- रिलीजची साइनिंग की
- सुरक्षेच्या त्रुटी कळवायचा पत्ता कोणाच्या इनबॉक्समध्ये उघडतो
- देणग्यांचं खातं
- भाषांतराचा मंच

या यादीतलं जे समोरच्यांकडे आहे ते घोषणेच्या दिवशीच बंद होईल असं समजून चला. राउटरवर चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्समधले अनेक जुने विकासक ३ मे २०१६ रोजी बाहेर पडले आणि त्यांनी लीड हा फोर्क जाहीर केला. निर्णय पारदर्शक नाहीत, रिलीज अडतात, सर्व्हर सांभाळणारे हाती लागत नाहीत, या त्यांच्या तक्रारी होत्या. घोषणेपाठोपाठ त्यांचे प्रकल्पाच्या डोमेनवरचे ईमेल पत्ते बंद झाले. ते पत्ते वर्षानुवर्षं कमिटमध्ये आणि दस्तऐवजांत छापलेले होते. २०२१ मध्ये फ्रीनोड या चॅट नेटवर्कचे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा काढलं, तेव्हा आपल्या मथळ्यात ‘आम्ही लिबेरावर गेलो’ असं लिहिणारी शेकडो चॅनेलं फ्रीनोडच्या नव्या चालकांनी ताब्यात घेतली. नव्या पत्त्याची पाटी जुन्या दारावर टिकेल या भरवशावर राहू नका.

अँड्रॉइड अ‍ॅप असेल तर सहीच्या कीकडे विशेष लक्ष द्या. वेगळ्या कीनं सही केलेलं अ‍ॅप जुन्या अ‍ॅपवर अपडेट म्हणून चढत नाही. वापरणाऱ्याला जुनं काढून नवं टाकावं लागतं आणि त्यात त्याचा डेटा जाऊ शकतो. म्हणून एक्स्पोर्ट आणि इम्पोर्टची सोय फोर्कच्या पहिल्याच आवृत्तीत हवी.

मराठी भाषांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना. भाषांतरं पुष्कळदा वेगळ्या मंचावर साठतात आणि रिपॉझिटरीत उशिरा येतात. फोर्कची कुणकुण लागताच आपल्या पीओ फाइली उतरवून घ्या. त्या तुमचं लेखन आहेत आणि प्रकल्पाच्या परवान्याखाली दोन्ही घरांना देता येतात. कुठल्या बाजूला जायचं ते सावकाश ठरवा.

दोन गोष्टी मात्र उचलू नका: वापरणाऱ्यांच्या ईमेलची यादी, आणि तुमच्याकडे जुन्या पदामुळे राहिलेले पासवर्ड. पासवर्ड लेखी कळवून परत करा. तुमच्याविरुद्ध वापरता येईल असा सगळ्यांत सोपा मुद्दा तोच असतो.

नाव

नावासाठी लढू नका, पहिल्याच दिवशी नवं घ्या. २०११ च्या जानेवारीत एफएफएमपेगच्या काही विकासकांनी प्रकल्पाचा ताबाच घेतला, पण नावाचा ट्रेडमार्क मूळ संस्थापकाचा होता. मार्चमध्ये त्यांना लिबाव्ह असं नवं नाव घ्यावं लागलं. त्याच जानेवारीत हडसनच्या लोकांनी वेगळा मार्ग धरला. ओरॅकलनं हडसन या नावावर हक्क सांगितल्यावर त्यांनी मतदान घेतलं, २१४ विरुद्ध १४ मतांनी नाव बदलायचं ठरलं आणि जेन्किन्स जन्माला आलं. आज हडसन किती जणांना आठवतं? लिबरऑफिसच्या मंडळींनीही २०१० मध्ये ओरॅकलकडे ओपनऑफिसचं नाव मागून पाहिलं होतं. मिळालं नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

‘अमुकचा फोर्क’ असं खरं विधान करायला हरकत नाही. लोगो, रंग आणि जवळपास तोच उच्चार मात्र टाळा. भारतात ट्रेडमार्कची नोंदणी नसली तरी नावावर कमावलेल्या लौकिकाचं रक्षण न्यायालयात मागता येतं. तुमच्या नव्या नावाची नोंदणी करायची असेल तर व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. सॉफ्टवेअरसाठी सहसा ९ आणि ४२ हे वर्ग येतात. अर्ज कोणा एकाच्या वैयक्तिक नावानं करत असाल तर तो बाहेर पडल्यावर नाव कोणाकडे जाईल, हे आधी कागदावर आणा. नाहीतर ज्या रोगावर औषध काढलं तोच घरी आणाल.

माणसं मोजा, तारे नव्हे

गिटहबवरचे तारे, समाजमाध्यमांवरचा पाठिंबा, ‘आम्ही तुमच्यासोबत’ असं लिहिणारे, यांतलं काहीही मोजू नका. गेल्या वर्षभरात पुढची कामं कोणी केली ते कमिटच्या इतिहासातून काढा: रिलीज कापणं, सुरक्षेची त्रुटी गुपचूप दुरुस्त करणं, सीआय मोडल्यावर उठून बघणं, नवख्यांचे पॅच तपासणं. ही कामं करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक तुमच्याबरोबर येत नसतील तर माझा सल्ला फोर्क करू नका असाच राहील. लीडकडे हे लोक होते. जेन्किन्सकडे मूळ लेखकच होता.

लिबाव्हची कथा इथे पुढे नेतो, कारण तिच्यातला धोका फोर्क करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. लिबाव्हकडे चांगले विकासक होते, डेबियन आणि उबुंटूनं त्यांचंच पॅकेज घेतलं होतं. पण परवाना एकच असल्यानं एफएफएमपेग लिबाव्हमधले बदल नियमितपणे आपल्यात मिसळून घेत राहिलं आणि वर स्वतःचं कामही चालू ठेवलं. त्यामुळे एफएफएमपेगमध्ये दोन्हीकडचं मिळे, लिबाव्हमध्ये एकाच बाजूचं. २०१५ मध्ये डेबियन परत एफएफएमपेगकडे गेलं. पुढे लिबाव्हचं काम थांबलं. तुम्ही केलेली प्रत्येक सुधारणा मूळ प्रकल्प फुकट घेऊ शकतो आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. मग लोकांनी तुमच्याकडे का यावं, याचं उत्तर ‘आम्ही जास्त चांगले वागतो’ एवढंच असेल तर ते पुरत नाही. नियमित रिलीज, लवकर मिळणारं उत्तर, मूळ प्रकल्पानं अडवून धरलेली एखादी सोय, असं हाताला लागणारं काहीतरी हवं.

आणि वितरकांशी आधी बोला. लिबरऑफिसला बळ मिळालं ते मोठ्या लिनक्स वितरणांनी २०११ मध्ये ओपनऑफिसच्या जागी ते द्यायला सुरुवात केल्यामुळे. डेबियन किंवा फेडोरात तुमचं पॅकेज सांभाळणारी व्यक्ती तुमच्या अनेक पाठीराख्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

पहिल्या कमिटच्या आधी नियम

लीडनं घोषणेसोबत नियमही लिहून काढले. ते छोटे आहेत आणि प्रत्येक नियमामागे आधीचा एखादा चटका दिसतो:

- निर्णय कमिट करणाऱ्यांच्या साध्या बहुमतानं.
- सलग तीन महिने जो हाती लागत नाही त्याचा कमिटचा आणि मताचा हक्क जातो, म्हणजे बहुमत मोजताना अनुपस्थितांमुळे अडत नाही.
- स्वतः चालवायची प्रत्येक सेवा किमान तीन जणांच्या हाती, आणि त्यांची नावं जाहीर.
- प्रकल्पाच्या डोमेनवर कोणालाही ईमेल पत्ता नाही.

तुमच्या नियमांत आणखी एक भर घाला: मेंटेनरला काढायचं कसं. तुम्हालाच काढायची वेळ आली तर ते या नियमांनी जमेल का, हे तपासून पाहा. जमत नसेल तर तुम्ही फक्त मेंटेनर बदलताय.

पहिला महिना

१. रिपॉझिटरीचा मिरर क्लोन घ्या आणि नव्या जागी ढकला. गिटहबवरचं फोर्कचं बटण वापरलंत तर पान ‘अमुकवरून फोर्क’ दाखवतं आणि नव्या पुल रिक्वेस्ट मूळ रिपॉझिटरीकडेच वळू पाहतात. इतिहास पुसू नका. कोणी काय लिहिलं याचा पुरावा तोच आहे.

२. इश्यू रिपॉझिटरीबरोबर येत नाहीत. ते एपीआयनं उतरवावे लागतात.

३. सुरक्षेचा पत्ता चालू करा, किमान दोन जणांकडे. मूळ प्रकल्पाच्या सुरक्षा-गटाशी बोलणं चालू ठेवायचा प्रयत्न करा, भांडण कितीही असो.

४. आधी एक कंटाळवाणं रिलीज काढा: तोच कोड, नवं नाव, दुरुस्त केलेले दोन-चार जुने दोष. मोठे बदल दुसऱ्या रिलीजपासून.

५. मूळ प्रकल्पानं मध्येच परवाना बदलला असेल तर त्या तारखेनंतरचा कोड उघडूनही पाहू नका. ओपनटोफूला एप्रिल २०२४ मध्ये हॅशिकॉर्पकडून कोड चोरल्याच्या आरोपाचं कायदेशीर पत्र आलं. प्रत्येक ओळ कुठून आली हे दाखवता आल्यामुळेच त्यांना ठाम उत्तर देता आलं.

६. घोषणा एका पानाची ठेवा. निघालो का, नियम काय, स्थलांतर कसं करायचं. माणसांची नावं नकोत.

पैशाचं

गटाच्या नावानं परदेशातून देणग्या घ्यायच्या असतील तर भारतात २०१० चा परकीय योगदान नियमन कायदा आडवा येतो: संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नव्या चिमुकल्या गटानं त्या वाटेला जाऊ नये. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी, एसपीआय, ओपन सोर्स कलेक्टिव्ह अशा परदेशी यजमान संस्था प्रकल्पाचे पैसे आणि काही वेळा डोमेन, ट्रेडमार्कही सांभाळतात. त्यांच्याकडून इथे पैसे आणायचे झाले तर ते कामाचा मोबदला म्हणून की देणगी म्हणून, हे सीएला आधी विचारा. यजमान संस्थाही अमर नसते. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशननं फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्षाअखेर गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि तिच्या आश्रयाच्या गटांना नवं घर शोधावं लागलं.

परतीची वाट

कारभारावरून झालेल्या फोर्कचा चांगला शेवट अनेकदा विलीनीकरणात झालेला आहे. जीसीसी कंपायलरमधून १९९७ मध्ये निघालेलं ईजीसीएस १९९९ मध्ये स्वतःच अधिकृत जीसीसी झालं. नोडमधून डिसेंबर २०१४ मध्ये आयओ.जेएस फुटलं, पुढच्या वर्षी स्वतंत्र फाउंडेशन उभं राहिलं आणि सप्टेंबर २०१५ मध्ये दोन्ही एकत्र झाले. नोडची आवृत्ती ०.१२ वरून थेट ४.० वर कशी गेली, हे कोडं ज्यांना पडलं असेल त्यांना उत्तर इथे आहे: मधले आकडे आयओ.जेएसनं वापरले होते.

ही वाट उघडी ठेवायची तर परवाना तोच ठेवा आणि फाइलींची रचना उगाच हलवू नका. फोर्जोनं २०२४ मध्ये मुद्दाम उलट केलं. एमआयटीवरून जीपीएलवर गेल्यामुळे गिटीतला कोड त्यांना घेता येतो, पण त्यांचा नवा कोड एमआयटीखालच्या गिटीत जाऊ शकत नाही. लिबाव्हच्या वाट्याला आलं ते टाळण्याचा हा एक मार्ग आहे, पण त्यानं परतणं जवळपास संपतं. घाईत घेऊ नये असा हा निर्णय आहे. फोर्जोनंही जवळपास दोन वर्षं घेतली.

विलीनीकरणाची बोलणी निघाली तर तीन प्रश्न वेगवेगळे सोडवा: नियम कोणाचे, कोड कोणाचा, नाव कोणाचं. लीड आणि ओपनडब्ल्यूआरटी यांनी जानेवारी २०१८ मध्ये एकत्र येताना तसंच केलं. नियम लीडचे राहिले, कोडचा पायाही लीडचा, आणि नाव ओपनडब्ल्यूआरटी. त्याच वर्षी जुलैत आलेली १८.०६ ही एकत्रित प्रकल्पाची पहिली आवृत्ती, आणि तिच्यावर लीडचं नाव नव्हतं.